हिवाळ्यात विग, टॉपर आणि गंगावन कसं सांभाळायचं (आगटीपासून लांब बसून)

मागच्या जानेवारीत सिन्नरच्या पुढे नवऱ्याच्या मावशीच्या मळ्यात आम्ही हुरड्याला गेलो होतो, पहाटे निघालो तेव्हा दात वाजत होते, पोचलो तर आगटी पेटलेली, गोवऱ्यांचे निखारे मस्त फुललेले, आणि मी आपली वाकून वाकून मावशींनी चोळलेला गरम हुरडा हातावर घेत होते. पाचेक मिनिटांनी नणंद म्हणाली, वहिनी, तुमच्या पुढच्या केसांना काय झालं? मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघितलं तर विगची पुढची बट करपलेल्या शेवयांसारखी वाकडी होऊन वर चढलेली. जाळ लागला नव्हता, ठिणगी उडाली नव्हती, नुसती धग. उरलेला दिवस ओढणी डोक्यावरून घेऊन काढला आणि फोटोत मी सगळीकडे नव्या नवरीसारखी दिसतेय.

तर हे लिहिण्याचं कारण ते. केमोनंतर एक अख्खा हिवाळा मी फुल विगमध्ये काढला, केस परत आले पण माथ्यावर विरळच आले म्हणून दुसरा हिवाळा टॉपरवर (फक्त माथा झाकणारा, क्लिपांनी लावायचा छोटा विग) काढला, घरात सासूबाईंचं जुनं गंगावन आहे, धाकटा दीर पुण्यात हेअर पॅच (टक्कल झाकायला डोक्यावर चिकटवतात तो केसांचा तुकडा) लावतो, म्हणजे आमच्याकडे दुसऱ्या केसांची एक छोटी पाठशाळाच आहे म्हणा ना. आणि या सगळ्यातून मला कळलेली गोष्ट एवढीच की थंडी विगचं काही वाकडं करत नाही. बाहेर ५ डिग्री असो नाहीतर १५, विगला कुठे हुडहुडी भरतेय. वाट लावतं ते आपण थंडी वाजू नये म्हणून जे जे करतो ते: शेकोटी, स्वेटर, मफलर, गिझरचं कढत पाणी, कोल्ड क्रीम, तेल. आणि कोरडी हवा, ती मात्र खरीच आहे, तिच्यावर येतेच पुढे.

आधी तुमच्याकडे काय आहे ते ओळखा

हे न करता पुढचं काहीही वाचू नका कारण एकाला चालतं ते दुसऱ्याला चालत नाही. दुकानदार 'हंड्रेड पर्सेंट ह्यूमन हेअर' म्हणून काहीही विकतात. विगच्या आतल्या बाजूने एक केस उपटा, विग दुसऱ्या खोलीत ठेवून या, आणि तो केस स्टीलच्या ताटलीत काडेपेटीच्या काडीने पेटवा. खरा केस चुरचुरत जळतो, जळक्या केसाचा तो ओळखीचा घाण वास येतो आणि बोटांत धरला की राखेसारखा चुरा होतो. सिंथेटिक असेल तर तो वितळतो, टोकाला कडक मणी होतो आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो. दोन्ही मिसळून केलेले पण असतात म्हणून दोन-तीन ठिकाणचे केस बघा. (बोटांत धरायच्या आधी गार होऊ द्या, मी नाही होऊ दिलं.)

सिंथेटिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकचाच धागा, तो ज्या आकारात कारखान्यात उष्णतेने बसवलाय त्या आकारात राहतो, त्यामुळे परत उष्णता लागली की तो आकार सोडतो आणि मग त्याला मूळ वळणावर आणणं फार अवघड. खऱ्या केसाचं उलट असतं, त्याला ड्रायर, स्ट्रेटनर चालतो पण तो कोरडा पडतो. का, तर आपल्या डोक्यावरच्या केसाला मुळातून तेलकटपणा मिळत राहतो, विगच्या केसाला मूळच नाही. त्याला जे काही मिळेल ते तुम्ही दिलेलंच. उन्हाळ्यात हे फारसं जाणवत नाही, पण डिसेंबरमध्ये आपले ओठ फुटायला लागले की समजायचं विगचे केसही तहानलेत.

'हीट फ्रेंडली' म्हणून जे सिंथेटिक मिळतं त्याच्या डब्यावर किती डिग्रीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, पण तो आकडा मोजून मापून फिरवलेल्या मशीनसाठी असतो, आगटीला आकडा नसतो.

धग आणि वाफ

शेकोटी, आगटी, चूल, रूम हीटर, ब्लोअर, सगळ्यांपासून सिंथेटिक विग घातलेलं डोकं हातभर नाही, चांगलं चार-पाच हात लांब ठेवायचं. आमच्या नाशिक जिल्ह्यात थंडी कडक पडली की द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या करून धूर धरतात, निफाडला पारा उतरला की पेपरात फोटो येतातच, तर तशा बागेत पाहुणे म्हणून गेलात तर उगाच फोटोसाठी जाळाशी उभं राहू नका. खऱ्या केसाचा विग असेल तर वितळायची भीती नाही पण धुराचा वास असा काही बसतो की दोन धुण्यांशिवाय जात नाही. शेकोटीला बसायचंच असेल, आणि बसायचंच असतं, तर विग गाडीत ठेवा आणि सुती रुमाल बांधून वर कानटोपी घाला. थंडीत सगळेच कान बांधून बसलेले असतात, कोणी दोनदा बघत पण नाही, हा हिवाळ्याचा मोठाच फायदा आहे.

पण खरं सांगू का, शेकोटीला आपण वर्षातून दोनदा जातो, स्वयंपाकघरात रोज जातो. कुकरचं झाकण उघडताना येणारा वाफेचा लोट, इडलीपात्र, ओव्हनचं दार, उकळत्या चहावर वाकून आलं किसणं, हे सगळं पुढच्या बटेवर येतं. माझ्या पहिल्या विगच्या कपाळावरच्या केसांना महिनाभरात फणी लागेना तेव्हा मला वाटलं माल खराब निघाला, नंतर लक्षात आलं की रोज सकाळी सातला मी त्याला वाफारा देत होते. आता स्वयंपाकघरात विग नाही. टोपी किंवा बांधलेला स्कार्फ, आणि पाहुणे असतील तर केस पूर्ण मागे घेऊन क्लिप, कुकर उघडताना तोंड बाजूला.

गाडीत हीटर लावता का? त्याचा झोत चेहऱ्यावर नको, पायाकडे वळवा. बाकी ड्रायरचं तर सांगायलाच नको.

स्वेटर, शाल, मफलर: खरा शत्रू हा आहे

विग खांद्यापर्यंत किंवा त्याहून लांब असेल तर हिवाळ्यात तो मानेपाशी खराब होतो. आपण मान इकडेतिकडे वळवतो, केस कॉलरवर घासतात, दिवसभर घासतात, आणि संध्याकाळी मानेमागे एक गुंता तयार असतो, चिमणीच्या घरट्यासारखा. तो ओढून सोडवला की केस तुटतात, नाही सोडवला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट होतो. सगळ्यात वाईट म्हणजे ते गोळे सुटणारे स्वेटर, मग लोकरीची शाल, मग फ्लीसचं जॅकेट. त्यात लोकरीच्या नावाखाली आपण जे स्वस्तातले स्वेटर घेतो ते बहुतेक अ‍ॅक्रेलिकचे असतात, ते घासले की चटचट वीज तयार होते, म्हणजे गुंता आणि करंट दोन्ही एकदम.

उपाय साधा आहे आणि फुकटच्या जवळपास. जुन्या सिल्कच्या साडीचा किंवा साटीनच्या अस्तराचा चार बोटं रुंद पट्टा कापायचा आणि स्वेटरच्या कॉलरला, आतून आणि दुमडून थोडा बाहेरून, हातशिलाईने लावून टाकायचा. मी आईच्या विरलेल्या इरकलीचा पदर कापला (आई दोन दिवस बोलली नाही), त्यात तीन स्वेटर आणि एक जॅकेट झालं. शिवायचा कंटाळा असेल तर सिल्कचा स्कार्फ गळ्यात आधी गुंडाळा आणि त्यावर मफलर. कानटोपीला पण आतून तसंच अस्तर लावा, नाहीतर माथ्यावरचे केस टोपी काढताना झाडूसारखे उभे राहतात. माकडटोपीबद्दल मला काही बोलायचं नाहीये, ती विगवर घालू नका बस, ती मानेपर्यंत येते आणि काढताना विग घेऊनच येते.

दुसरं म्हणजे बाहेर पडताना केस मोकळे सोडायचे नाहीत. सैलशी वेणी, खाली बांधलेला पोनी, किंवा सगळे केस एका खांद्यावरून पुढे. घरी आल्यावर स्वेटर काढायच्या आधी विग काढा, ही सवय लावून घ्या, डोक्यावरून ओढायचा स्वेटर असेल तर घालताना पण स्वेटर आधी आणि विग नंतर. ऐकायला किरकोळ वाटतं पण माझा टॉपर एकदा स्वेटरबरोबर उलटा होऊन बाहीत गेलेला, ऑफिसला उशीर, मी टॉपर शोधतेय.

गुंता झालाच तर टोकापासून वर वर यायचं, मुळाकडून कधीच नाही. एका हाताने गुंत्याच्या वरचे केस घट्ट धरायचे म्हणजे ओढ विगच्या जाळीवर (जिला केस बारीक गाठींनी बांधलेले असतात तिच्यावर) येत नाही, थोडा लीव्ह-इन, म्हणजे धुवून न टाकायचा, कंडिशनरचा स्प्रे मारायचा, बोटांनी मोकळं करायचं आणि मगच मोठ्या दातांची फणी. कुरळ्या सिंथेटिक विगला तर फणी पण नको, फक्त बोटं.

करंट, म्हणजे केस चेहऱ्याला चिकटणं

नाशिक, पुणे, नगर, संभाजीनगर, नागपूर, सगळीकडे जानेवारीत दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते, हवेत ओलावा नाही म्हणजे घासण्यातून तयार झालेली वीज निघून जायला वाट नाही. मुंबई-कोकणात हा त्रास कमी, तिथले लोक माझं हे सगळं वाचून हसतील. तर या विजेने विगचे केस एकमेकांपासून लांब पळतात आणि आपल्या गालाला चिकटतात, लिपस्टिकला तर खासच.

प्लॅस्टिकची फणी आधी बाजूला ठेवा. लाकडी फणी घ्या, शिसवी मिळाली तर उत्तम, किंवा धातूच्या काड्यांचा विगचा ब्रश. एका लहान स्प्रे बाटलीत पाणी भरून त्यात चमचाभर लीव्ह-इन कंडिशनर टाका, हलवा, आणि विगवर हातभर अंतरावरून अगदी हलका फवारा, केस ओले होता कामा नयेत, फक्त दवल्यासारखे. हे मिश्रण चार-पाच दिवसांत संपवा, नाहीतर त्याला वास येतो. ऑफिसात बाटली नसेल तर हातांना लोशन लावल्यावर तळव्यावर जो थोडासा ओशटपणा राहतो तोच केसांच्या वरवरून फिरवायचा, लोशन नव्हे हं, उरलेला ओशटपणा. रात्री विग स्टँडवर ठेवला की वर सिल्कचा किंवा साटीनचा तुकडा टाका.

आणि तेल. आपल्या लोकांना केस दिसले की तेल सुचतं, त्याला कोण काय करणार. सिंथेटिकला तेल कधीही नाही, ते आत जातच नाही, वर बसतं आणि धूळ धरतं. खऱ्या केसाला टोकांना सिरमचे दोन थेंब, बस. खोबरेल तर हिवाळ्यात अजिबात नको कारण ते २४-२५ डिग्रीखाली थिजतं, बाटलीत थिजतं तसंच केसांवरही थिजतं आणि पांढुरकं दिसायला लागतं. खोबरेल कोमट करून स्वतःच्या टाळूला लावा, रात्री, विग काढल्यावर, आणि सकाळी डोकं धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावरच विग चढवा. केमो चालू असेल आणि टाळू हुळहुळी झाली असेल तर तेल, शाम्पू, लोशन काहीही नवीन लावायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही.

धुणं

थंडीत घाम कमी येतो म्हणून विग कमी धुतला तरी चालतो, रोज वापरत असाल तर उन्हाळ्यात मी आठ-दहा वापरांनंतर धुते, हिवाळ्यात पंधरापर्यंत खेचते. पण आतली टोपी, म्हणजे विगखाली घालतो ती सुती लायनर टोपी, ती रोज धुवायची, दोन-तीन ठेवा. टाळूचा कोंडा हिवाळ्यात वाढतो आणि तो सगळा त्या टोपीत जमतो, नाहीतर विगच्या जाळीत.

धुवायची वेळ सकाळी नऊ-दहा. संध्याकाळी धुतला की रात्रीच्या गारठ्यात तो वाळत नाही, जाळी आतून ओली राहते, आणि ओली जाळी दोन दिवस राहिली की कुबट वास येतो, मग तो घालवायला परत धुवा. दुसऱ्या दिवशी लागणार असेल तर आज धुवायला काढूच नका, हिवाळ्यात पूर्ण वाळायला एक अख्खा दिवस धरा, दाट विग असेल तर दीड.

पाणी गिझरचं थेट घ्यायचं नाही. आपण थंडीत गिझर फुल करून ठेवतो, ते पाणी सहज ६० डिग्रीच्या घरात जातं, सिंथेटिकचे कुरळे केस वळण सोडायला लागतील आणि खऱ्या केसाच्या विगमध्ये गाठी सैल पडू शकतील. बाळाला अंघोळ घालताना कोपर बुडवून बघतो ना, तसं बघायचं, गरमही लागायला नको, गारही नको. सिंथेटिकला त्याहून गार चालेल, तुमचे हात बधिर होणार नाहीत इतपत.

मग असं करायचं. आधी कोरड्या विगचा गुंता पूर्ण काढून घ्यायचा, ओला झाल्यावर काढू म्हणाल तर रडाल. बादलीत पाणी, त्यात सल्फेट नसलेला शाम्पू चमचाभर विरघळवून, विग आतली बाजू बाहेर न करता बुडवायचा आणि पाच मिनिटं नुसता राहू द्यायचा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, कपडे धुण्याचं जे जे कौशल्य आपल्या अंगात आहे ते सगळं विसरायचं. वरखाली हलकेच हलवायचं, जाळीच्या कडेला कपाळाशी क्रीम-पावडर बसलेली असते तिथे मऊ टूथब्रश फिरवायचा. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढायचा. खऱ्या केसाला कंडिशनर लावायचा, पण फक्त लांबीला, मुळाशी नाही, कारण गाठींना कंडिशनर लागला की त्या घसरून सुटतात आणि केस गळायला लागतात. पाच मिनिटं ठेवून धुऊन टाका. सिंथेटिकला आपला नेहमीचा कंडिशनर काही कामाचा नाही. बरेच जण अर्ध्या बादलीत अर्धं झाकण कपड्यांचं फॅब्रिक सॉफ्टनर टाकून त्यातून काढतात, खरंच करंट कमी होतो, पण त्याचा वास उग्र असतो आणि टाळू नाजूक असेल तर मी नाही सांगणार, विगसाठीचा स्प्रे मिळतो तोच बरा.

जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून दाबून पाणी काढायचं. मग विगच्या जाळीदार स्टँडवर ठेवायचा, नसेल तर लोणच्याच्या उंच बरणीवर पातळ रुमाल टाकून त्यावर (बरणी रिकामी आणि धुतलेली हवी, नाहीतर सगळा विग मोहरीचा वास मारेल). ते थर्माकोलचं डोकं मिळतं त्यावर ओला विग ताणून बसवू नका, विगची जाळी सैल होते आणि खालून हवाही लागत नाही. आणि ऊन नाही! हिवाळ्यातलं ऊन एवढं छान असतं की सगळं गच्चीवर नेऊन टाकावंसं वाटतं, गाद्या टाका, पापड टाका, विग नका टाकू, रंग उडतो. सावलीत, खिडकीपाशी, पंखा एकवर. थंडीत पंखा लावला म्हणून घरातले ओरडतील, त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

गंगावन आणि लग्नसराई

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडची लग्नं सुरू होतात आणि सगळ्यांची गंगावनं, रेडिमेड खोपे, अंबाड्याची जाळी कपाटातून बाहेर येतात. सासूबाईंचं गंगावन त्यांच्याच केसांचं आहे, रोजच्या वेणीफणीतलं गुंतवळ वर्षानुवर्षं एका पिशवीत साठवून त्याचं बनवून घेतलेलं. आता गुंतवळाची गंमत अशी की त्यात केस उलटसुलट झालेले असतात. केसाला मुळाकडून टोकाकडे असे बारीक खवले असतात, माशाला असतात तसे, सगळे केस एका दिशेने लावले तर ते एकमेकांवरून घसरतात, दुकानात 'रेमी' म्हणून महाग मिळतात ते हे असे. गुंतवळात खवले एकमेकांत अडकतात, त्यात हवा कोरडी झाली की आणखीनच. म्हणून जुनं गंगावन हिवाळ्यात मोकळं ठेवायचंच नाही, वेणी घालूनच ठेवायचं आणि वेणी घालूनच लावायचं. सासूबाई वेणीचं टोक दोऱ्याने बांधतात, रबराने नाही, रबर केस तोडतं आणि जुनं झालं की चिकटून बसतं.

लग्नात विगचं जे होतं ते थंडीपेक्षा वाईट आहे पण सीझन तोच म्हणून सांगते. हळदीला चांगला विग घालू नका, हळदीचा डाग लेसवर, म्हणजे कपाळाकडच्या पातळ जाळीवर, बसला की बसला. अक्षता केसांत अडकतात त्या रात्रीच झटकून काढा, तांदळाला कुंकू लावलेलं असतं, तो रंग दवाने उतरतो. गजरा पाणी मारलेला असतो, तो थेट खोट्या केसांवर माळला तर रात्रभर ओल राहते, आधी गजरा रुमालावर टिपून घ्या. पार्लरवाली हेअर स्प्रे मारमार मारते, तो स्प्रे कोरड्या हवेत कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी फणी घातली की काडकन केस तुटतात. तेव्हा घरी आल्यावर यू-पिना काढायच्या, एकही राहू द्यायची नाही, आणि कितीही दमलेले असलात तरी विग नुसता फणीने विंचरून ठेवून द्यायचा नाही, तो तसाच स्टँडवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी धुवायचा. स्प्रे मारलेल्या विगचं विंचरणं मात्र धुतल्यावर.

पॅचवाल्या दादांसाठी

दीराच्या सांगण्यावरून लिहितेय. पॅच टेपने किंवा ग्लूने चिकटवलेला असतो आणि हिवाळ्यात लोकांची तक्रार एकच, कपाळाकडची कड सुटते. त्याचं कारण निम्म्या वेळा क्रीम असतं. चेहरा फुटतो म्हणून आपण कोल्ड क्रीम, व्हॅसलीन चोपडतो, ते हळूहळू वर सरकत टेपपर्यंत जातं आणि टेप सोडतो. भुवयांच्या वर दोन बोटं, तिथेच क्रीम थांबवा. बदलताना जुनी चिकट पूर्ण काढायची, डोकं धुवायचं, पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, तेही उडून जाऊ द्यायचं आणि मग टेप. हे अल्कोहोल पेट घेतं, गॅसजवळ किंवा हीटरजवळ बसून हे उद्योग नकोत. थंडीत टेप आणि ग्लू कडक होतात, तर टेपची पट्टी लावायच्या आधी दोन तळव्यांमध्ये मिनिटभर धरून उबदार करा, ग्लू असेल तर उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ हवेवर राहू द्या आणि बोट लावून चिकटपणा बघूनच पॅच बसवा.

पॅचखाली खाज येत असेल तर ती 'थंडीची खाज' म्हणून महिनाभर काढू नका. कोरडी पापडी निघतेय की लाल झालंय ते पॅच काढून बघा, लाल, ओलं किंवा दुखरं असेल तर टेप बंद आणि स्किनच्या डॉक्टरकडे. दीर तीन आठवडे खाजवत होता आणि आम्हाला सांगत होता की शाम्पू बदललाय.

टू-व्हीलर

पहाटे सात वाजता अ‍ॅक्टिव्हावरून गार वारा, त्यात विग, त्यात हेल्मेट. विगवर हेल्मेट घालायचंच झालं तर मध्ये साटीनची पातळ टोपी, केसांची खाली वेणी, वेणी जॅकेटच्या आत. पण हेल्मेट काढताना विग मागे सरकतो, कितीही क्लिपा असल्या तरी. मी आता सरळ हेल्मेटखाली सुती टोपी घालते, टॉपर डब्यात घालून डिकीत ठेवते आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये लावते. डिकी उन्हात तापते म्हणून पोचल्याबरोबर काढायचा. आणि विग बिघडेल म्हणून हेल्मेट टाळणार असाल तर विगच घालू नका, डोकं एकच आहे.

बर्फात राहणाऱ्यांसाठी थोडंसं

जाऊबाई टोरांटोला असतात आणि टॉपर त्याही लावतात, त्यांचा हिवाळा म्हणजे आपला दहापट. बाहेर बर्फ आणि आत चोवीस तास हीटिंग, घरातली हवा आपल्या जानेवारीपेक्षाही कोरडी. त्यांनी बेडरूममध्ये ह्युमिडिफायर लावलाय, स्टँड त्याच खोलीत असतो. कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात ती अँटिस्टॅटिक शीट विगवरून एकदा हलकेच फिरवतात, म्हणे लगेच बसतात केस. कोटाच्या हुडला आत साटीन. केसांवर बर्फ पडला तर आत शिरल्या शिरल्या झटकायचा, वितळू द्यायचा नाही, आणि ओला झालाच तर हीटरच्या जाळीवर ठेवायचा मोह आवरायचा, टॉवेलने टिपून स्टँडवर. हे शेवटचं त्या अनुभवाने सांगतात, कसला अनुभव ते विचारलं तर विषय बदलतात.

ठेवताना

फेब्रुवारी संपत आला की जे गंगावन किंवा खोपा आता पुढच्या लग्नसराईपर्यंत लागणार नाही तो धुऊन, दोन दिवस वाळवून, सैल वेणी घालून, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत घाम धरतो. लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत तर नकोच, तिथे डांबरगोळ्या असतात, तो वास केसांत मुरला की तुम्ही लग्नमंडपात शिरायच्या आधी तुमचा वास शिरतो. बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाका, आणि डब्यावर कागद चिकटवून आत काय आहे ते लिहा. आमच्याकडे एकदा कामाला येणाऱ्या मावशींनी डबा उघडला आणि किंचाळल्या.

रोजचा विग बाहेर स्टँडवरच राहू द्या, फक्त होळीच्या आदल्या रात्री तोही आत. रंगपंचमीला, आमच्या नाशकात रंग त्या दिवशी खेळतात, मी तो करपलेल्या बटेचा जुना विग घालते. त्याला आता कशाचीच भीती नाही.